सहा फॉर्म भरून घेते, तरी पेशंट सुधारला की नाही ते कळत नाही

पत्र थोडक्यात असं. लिहिणारी फिजिओथेरपिस्ट आहे, गोव्यातल्या फोंड्याकडची, ओळख पटेल असं बाकी सगळं काढून टाकलंय. स्वतःचं दोन खोल्यांचं क्लिनिक काढून ३ वर्षं झाली, मदतीला एक मुलगी आहे. पेशंट पाठवणाऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एकदा सुनावलं, "पेशंटला बरं वाटतंय एवढंच लिहून पाठवू नको, काहीतरी ऑब्जेक्टिव्ह दे." मग तिने एक वर्कशॉप केलं आणि सहा फॉर्म छापून आणले: वेदनेचा ० ते १० आकडा, कमरेला ऑस्वेस्ट्री, गुडघ्याला वोमॅक, हाताला क्विकडॅश, तोल बघायला बर्ग आणि खुर्चीतून उठून चालायची टाइम्ड अप अँड गो टेस्ट. एकेका पेशंटकडून यातले तीन-चार तरी भरून घेते, इंग्लिश फॉर्म हातात धरून तिथल्या तिथे कोंकणी-मराठी करत विचारते, २५ मिनिटं जातात, पेशंट कंटाळतात, आपल्या लोकांना फॉर्म झेपत नाहीत असं तिचं म्हणणं. आणि एवढं करून आकडे भलतंच बोलतात. मासे विकणारी एक बाई म्हणते मी सुधारले, तिचा वोमॅक होता तिथेच. एक निवृत्त मास्तर, वेदना ८ वरून ६ वर आली पण टाइम्ड अप अँड गोचे १४ सेकंदांचे १६ झाले. तिचा प्रश्न: "सगळ्यात व्हॅलिड आणि रिलायबल स्केल कुठली, एक नाव सांगा. आणि कपाटात दीडशे भरलेले फॉर्म पडलेत, ते टाकून देऊ का?"

अगं, वयाने तू माझ्या मुलीएवढी असशील, अगं-तुगं करते, राग मानू नकोस. पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग जरा ओशाळायला झालं, कारण हे सगळे प्रकार मी स्वतः करून बसलेय, फक्त माझे फॉर्म झेरॉक्सचे होते आणि तेही वाकडे आलेले.

एक नाव मागितलंस ते देणार नाही. टाळते म्हणून नव्हे, पण व्हॅलिड हा काही मिक्सरवर असतो तसा आयएसआयचा शिक्का नाही, की एकदा मारला की कुठल्याही घरात चालला. कोणीतरी ती प्रश्नावली अमुक प्रकारच्या पेशंटना, अमुक भाषेत, अमुक कामासाठी वापरून बघितलेली असते आणि तेवढ्यापुरतं सांगितलेलं असतं की हो, इथे हिचा आकडा धरायला हरकत नाही. माणसं बदलली, भाषा बदलली, काम बदललं की तो शब्द उरत नाही, पुन्हा तपासावं लागतं. वर्कशॉपमध्ये स्लाइडवर "रिलायबल अँड व्हॅलिड" लिहिलेलं असतं ना, त्याच्यापुढे "कोणासाठी" असं पेनने लिहायची सवय लाव.

आणि ते दोन शब्द आपण जोडीने उच्चारतो, जणू नवरा-बायको, पण त्यांचं एकमेकांशी फारसं पटत नाही. फेणीची भट्टी जवळून बघितली असशील तर ग्राव माहीत असेल, फेणीत सोडला की तरंगतो आणि किती कडक झालीय ते दाखवतो. चांगली काजूची फेणी १९-२० ग्रावाची. आता तो दहादा सोड, तू सोड, मी सोडते, दर वेळी १९ च येणार, म्हणजे झाला रिलायबल. पण ती निव्वळ काजूची आहे की कोणी त्यात स्पिरिट मारलंय हे ग्राव जन्मात सांगणार नाही, ते त्याचं कामच नाही. कडकपणा मोजायला व्हॅलिड, अस्सलपणा मोजायला नाही. आणि समजा दर वेळी वेगळाच आकडा दाखवणारा ग्राव असेल तर तो कडकपणा मोजायलाही कुचकामी, फेकून द्यायचा.

आता तुझ्या मासेवालीकडे येऊ, कारण तुझ्या पत्रातली ती गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली आणि तू ती दोन ओळीत उरकलीस. वोमॅकमध्ये २४ प्रश्न, वेदनेचे ५, आखडण्याचे २, रोजच्या कामाचे १७. ते १७ एकदा तिच्या जागी बसून वाच. मोजे घालताना त्रास होतो का. मोजे काढताना होतो का. बाथटबमध्ये शिरताना, बाहेर येताना. गाडीत बसताना-उतरताना. बाजारात सकाळपासून पाटावर बसून आदोळीवर (विळीवर) इसवण (सुरमई) कापणारी बाई मोजे कधी घालणार आणि बाथटब तिने बघितला असेल तर टीव्हीवर. तिचा अख्खा धंदा खाली बसण्यावर चाललाय आणि खाली बसणं, उकिडवं बसणं यावर वोमॅकमध्ये एक प्रश्न नाही. तू प्रश्न विचारलेस, ती "ना गे बाय" म्हणाली, तू कुठेतरी टिक केलीस, आधीही तीच टिक केली होतीस, आकडा हलणार कुठून? आणि ती मात्र तुला सांगत होती की म्हाका आतां पाटार बसूंक जाता, तितलें पुरो (मला आता पाटावर बसता येतं, तेवढं पुरे). तुझ्या समोर रिझल्ट बसलेला होता आणि तू कागदात शोधत होतीस. रागावत नाही हं, मीही शोधलाय.

यावर कोणी म्हणेल कूस (KOOS, गुडघ्याचीच दुसरी प्रश्नावली) वापर, त्यात उकिडवं बसणं आणि गुडघे टेकणं आहे. आहे, खरंय, १९९८ ची आहे, फुकट वापरता येते, वोमॅकला तर लायसन लागतं हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. पण कूसमध्ये ४२ प्रश्न आहेत आणि हे दोन "खेळ आणि विरंगुळा" या भागात पळणं-उड्या मारणं यांच्या शेजारी बसवलेत, म्हणजे आपल्याकडे जे चूल-बाजार-देवपूजा आहे ते तिकडे विरंगुळ्यात जमा. क्विकडॅशचंही तसंच, ११ प्रश्नांत एका ठिकाणी उदाहरण म्हणून गोल्फ, टेनिस, हातोडी मारणं असं आहे. नारळ किसणं, कळशी उचलणं तुला स्वतःहून आठवतं म्हणून तू ते घालून विचारतेस, बरोबर ना? तसं केलंस की तो क्विकडॅश राहत नाही. आणि ११ पैकी एकापेक्षा जास्त प्रश्न कोरे राहिले तर त्याचा स्कोअर काढायचाच नसतो, हेही बघून ठेव.

भाषेचं तर विचारूच नकोस. फॉर्मवर माइल्ड, मॉडरेट, सिव्हियर असतं. मॉडरेटला तू काय म्हणतेस? मी कित्येक वर्षं "बऱ्यापैकी" म्हणायचे आणि एक दिवस एका आजोबांनी उलट विचारलं की बऱ्यापैकी म्हणजे बरं की पुष्कळ? मी गप्पच. "बऱ्यापैकी दुखतं" म्हटलं की निम्म्यांना थोडंफार वाटतं आणि निम्म्यांना चांगलंच. तसंच "बरं आहे", डॉक्टरसमोर तर आपल्याकडे बरंच असतं सगळं, अर्धी माणसं तुला वाईट वाटू नये म्हणून आकडा कमी सांगतात, त्यात तू त्यांच्या भाचीच्या वर्गातली निघालीस तर विचारायलाच नको. भाषांतर नीट करायचं म्हणजे दोघांनी वेगवेगळं मराठी करायचं, ते जुळवायचं, मग मूळ न बघितलेल्या माणसांनी ते परत इंग्लिशमध्ये न्यायचं, फरक कुठे पडला बघायचं आणि ३०-४० पेशंटना देऊन त्यांना काय समजलं ते विचारायचं. हे तू एकटी क्लिनिकमध्ये करू शकत नाहीस आणि करायची गरजही नाही. प्रसिद्ध झालेलं, तपासलेलं मराठी भाषांतर मिळालं तर तेच घे, शब्दही न बदलता. कोंकणीत विचारायचं तर निदान वेदनेच्या आकड्याचं एकच वाक्य ठरव, "गेल्या २४ तासांत सरासरी किती दुखलं, ० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही", त्याचं एक मराठी, एक कोंकणी, भिंतीवर चिकटव, तू आणि तुझी ती मुलगी दोघींनी तेच वाचायचं. आज "आत्ता किती" आणि पुढच्या महिन्यात "गेल्या आठवड्यात जास्तीत जास्त किती" असं विचारलंस तर आकडे दोन आणि प्रश्नही दोन.

मास्तरांचं कोडं मला वाटतं खुर्चीत आहे. ही माझी फजिती ऐक. एकदा माझ्याकडे पेंटर आला, जुन्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागच्या पडवीत गेल्या आणि मी घरातली जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणून ठेवली, चांगली उंच. दीड महिन्यात सगळेच म्हातारे फास्ट व्हायला लागले, मी खूश, एका मीटिंगमध्ये सांगूनसुद्धा आले. मग पेंटरचं काम संपलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या परत आल्या आणि सगळे पुन्हा स्लो. ज्या मुलीने हे पकडलं ती फिजिओ नव्हती, फोन घ्यायला बसायची. उंच खुर्चीतून उठायला सोपं, एवढी साधी गोष्ट!

टाइम्ड अप अँड गो १९९१ ची, त्यात हाताची खुर्ची, बैठक साधारण ४६ सेंटिमीटर उंच, ३ मीटर चालून वळून परत येऊन बसायचं, रोजचीच चप्पल किंवा बूट, काठी असेल तर काठी, नेहमीच्या चालीने. गो म्हटल्यापासून पाठ टेकेपर्यंत घड्याळ. यातलं तुझं काय काय बदललं होतं आठव. मास्तर पावसात आले होते का, फरशी ओली होती का, पहिल्या वेळी तुझ्या मुलीने "बेगीन, बेगीन" म्हणून पळवलं होतं का, वेळ तू धरलीस की तिने. १४ चे १६ व्हायला एवढं पुष्कळ झालं. उपाय अगदी फालतू वाटेल असा आहे: एक खुर्ची मोजून ठेव, तिच्या पाठीवर मार्करने "टेस्ट" लिही, तिच्यावर दुसऱ्या कोणाला बसू देऊ नकोस, जमिनीवर ३ मीटरला इन्शुलेशन टेप मार, काय बोलायचं ते वाक्य लिहून ठेव, पहिली फेरी सरावाची धरून सोडून दे.

आता तुम्हा दोघींचा आणि तुझ्या घड्याळाचा मिळून गोंधळ किती हे तुला स्वतःला काढता येतं, पेपर शोधत बसायला नको. ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधी १५-२० जुनाट दुखण्यांच्या पेशंटची टेस्ट दोनदा घे, मध्ये दोन-तीन दिवस, म्हणजे खरोखर काही बदललेलं नसणार. प्रत्येकाचा दुसरा आकडा वजा पहिला, एक्सेलमध्ये त्या फरकांचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढ, त्याला १.९६ ने गुण. समजा डेव्हिएशन १.५ सेकंद आलं तर गुणाकार जवळपास ३ येतो. म्हणजे तुझ्या क्लिनिकमध्ये ३ सेकंदांपेक्षा कमी फरक हा खुर्ची, चप्पल, मूड, काहीही असू शकतो, त्यावर मास्तर बिघडले असंही लिहायचं नाही आणि सुधारले असंही नाही. पुस्तकात याला मिनिमल डिटेक्टेबल चेंज म्हणतात. २० माणसांवरून आलेला आकडा ढोबळच, पण दुसऱ्या देशातल्या लॅबमधून उचललेल्या आकड्यापेक्षा तो तुझ्या खोलीचा आहे.

पण आकडा खरंच हलला तरी पेशंटला त्याचं काही वाटलं का, हे वेगळं खातं. कमरेच्या दुखण्यासाठी २००८ साली तज्ज्ञांच्या एका गटाने ढोबळ उंबरठे दिले होते: ० ते १० च्या वेदनेत २, ऑस्वेस्ट्रीच्या १०० मध्ये १०, रोलंड-मॉरिस या कमरेच्याच प्रश्नावलीच्या २४ मध्ये ५, किंवा सुरुवातीच्या आकड्याच्या ३० टक्के. मास्तरांची कंबर नाही, तरी अंदाज म्हणून धर, ८ चे ६ झाले म्हणजे २ ने उतरले पण टक्क्यात २५ च, उंबरठ्यावर उभे आहेत, आत आले म्हणता येत नाही. तेव्हा सरळ त्यांनाच विचारायचं की मास्तर, एवढ्याने तुमचं काय भागलं?

मग वापरायचं काय. मी तुझ्या जागी असते तर सहाचे तीनवर आले असते. पहिला तो वेदनेचा आकडा, ठरलेल्या वाक्याने. दुसरी पेशंट स्पेसिफिक फंक्शनल स्केल, १९९५ ची आहे, तुझ्या वर्कशॉपमध्ये सांगितली नसेल कारण त्यात छापण्यासारखं काही नाही. पेशंटलाच विचारायचं की या दुखण्यामुळे अडलेली तीन ते पाच कामं सांग, प्रत्येकाला ० ते १०, इथे ० म्हणजे जमतच नाही आणि १० म्हणजे पूर्वीसारखं, हे वेदनेच्या उलटं आहे म्हणून पहिल्यांदा पेशंटचा गोंधळ होतो, बोटाने दाखवून समजाव. मासेवालीची तीन कामं होतील पाटावर दोन तास बसणं, पाटी उचलून उठणं, कदंबाच्या बसची पायरी चढणं. मास्तरांचं कदाचित चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला स्टुलावर चढणं असेल (ते करू देऊ नकोस, पण लिहून घे). तीन कामांची सरासरी २ ने हलली तर दखल घ्यायची, एकटंच काम बघत असशील तर ३ ने. तोटाही ऐकून ठेव, मासेवालीचा ५ आणि मास्तरांचा ५ एकाच मापाचे नाहीत, दोन पेशंटची किंवा दोन क्लिनिकची तुलना याने होत नाही. तशी तुलना हवी असेल, रिसर्च करायचा असेल, इन्शुरन्सला द्यायचं असेल तर छापील प्रश्नावलीला पर्याय नाही, मग कमरेला ऑस्वेस्ट्री ठेव, परवानगी वगैरे बघून.

तिसरी गोष्ट डोळ्यांनी दिसणारी, करून दाखवायची. गुडघ्याच्या झिजेसाठी ३० सेकंदांत हात छातीशी धरून किती वेळा उठता-बसता येतं ते मोज, २०१३ साली ऑस्टिओआर्थ्रायटिसवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सुचवलेल्या टेस्टमध्ये ती आहे आणि तुझ्या दोन खोल्यांत बसते. सहा मिनिटं चालायची टेस्ट करायला ३० मीटरचा कॉरिडॉर लागतो, तो तुझ्याकडे नाही, दहा मीटरवर वळवून घेतलीस तर सारखं वळण्यातच वेळ जातो आणि अंतर कमी भरतं, सोडून दे. बर्ग पडण्याची भीती असलेल्यांसाठीच ठेव, ५६ पैकी ५४ असलेल्या माणसाचं तिथे काही वाढणारच नाही, वर छप्पर लागलेलं आहे.

एक जोडून सांगते, तू विचारलं नाहीस तरी. जुनं दुखणं असलेल्यांत मन खचलेली माणसं पुष्कळ असतात आणि तिथे आपल्या गोव्यात उलट चांगलं काम झालंय. २००८ साली इथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या पेशंटवर पाच छोट्या प्रश्नावल्या एका सविस्तर मुलाखतीच्या बाजूला ठेवून तपासल्या गेल्या. मग २०१७ मध्ये लॅन्सेटला आलेल्या अभ्यासात गोव्यातल्या १० आरोग्य केंद्रांतल्या ४९५ जणांवर साध्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांची ट्रीटमेंट बघितली, त्यात पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली वापरली होती, फक्त ९ प्रश्न. म्हणजे "आपल्या लोकांना फॉर्म झेपत नाहीत" हे तुझ्या पत्रातलं वाक्य मला पटलं नाही, न तपासलेला लांबलचक फॉर्म झेपत नाही. पण पीएचक्यू-९ हातात घेण्याआधी एक बघ, त्याचा नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. कोणी हो म्हणालं तर पुढे काय, हे ठरल्याशिवाय विचारायचं नाही. पेशंटला एकटं सोडायचं नाही, बांबोळीच्या मनोरुग्ण संस्थेत कसं पाठवायचं ते माहीत हवं, १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर हवा.

डॉक्टरांचं राहिलं. त्यांना ऑब्जेक्टिव्ह हवं म्हणजे सहा फॉर्म हवेत असं तू गृहीत धरलंस, त्यांनी तसं म्हटलेलं तुझ्या पत्रात तरी दिसत नाही. फोन करून विचार की तुम्ही या आकड्यावरून काय ठरवणार, इंजेक्शन द्यायचं की नाही, ऑपरेशन पुढे ढकलायचं की नाही? त्याप्रमाणे चार ओळी पाठव: "६ आठवडे, १० वेळा बोलावलं. वेदना ७ वरून ४. ३० सेकंदांत उठ-बस ६ वरून ९, तीच खुर्ची, मीच मोजलं. पाटावर बसणं २ वरून ७. पायऱ्या उतरणं अजून ३ च." शेवटची न सुधारलेली ओळ गाळू नकोस, डॉक्टर तुझ्या बाकीच्या ओळींवर त्या एका ओळीमुळे विश्वास ठेवतील. आणि या सगळ्यातून तुझ्या ट्रीटमेंटने गुण आला हे सिद्ध होत नाही बरं का, कमरेचं दुखणं पुष्कळदा आपलं आपण उतरतं आणि माणूस येतो तोच दुखणं टोकाला गेल्यावर, पुढे कमी होणारच असतं. पेशंट सुधारला एवढं म्हण. आणि व्हॉट्सअॅप स्टेटसला "८ वरून ३" टाकायचा मोह होतो, सगळ्यांनाच होतो, पेशंटला न विचारता टाकू नकोस, फोंड्यात कोण कोणाला ओळखत नाही?

आता ते कपाटातले दीडशे फॉर्म. टाकू नकोस. एखाद्या पावसाळी दुपारी, पेशंट कमी असतात तेव्हा, चहा घेऊन बस आणि स्कोअर बघूच नकोस, फक्त कोऱ्या जागा बघ, खाडाखोड बघ, जिथे सगळ्यांनी एकच टिक केलीय ते बघ. कुठला प्रश्न सगळ्यात जास्त वेळा कोरा राहिला ते मला कळव, माझी पैज मोज्यांवर आहे.